गैरहजेरी आणि हक्क



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्यांनी आयुष्य गेटसभा घेण्यात आणि लेबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात घालवले, त्यांनी अमेरिकेच्या ग्रीन कार्डावर बोलण्याचे कारण काय? बोनस, कंत्राटी पद्धत, नव्या कामगार संहिता हे आमचे नेहमीचे विषय. परदेशात कायम राहण्याचा परवाना हा वकिलांचा आणि ट्रॅव्हल एजंटांचा प्रांत, असे कोणी म्हटले तर ते गैर नाही.

कारण असे की, गेली काही वर्षे हा प्रश्न आमच्या युनियनच्या कचेरीत आपल्या पायांनी चालत येतो आहे. ग्रॅच्युइटीचा हिशेब किंवा पेन्शनीचा कागद घेऊन निवृत्त फिटर, टर्नर, वायरमन येतात. कागद पुरा झाला की शर्टाच्या आतल्या खिशातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवतात. यांची मुले शिकली, तिकडे गेली, तिथली नागरिक झाली. त्या देशाच्या कायद्याने २१ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला आपल्या आईबापांसाठी कायम रहिवासाचा अर्ज करता येतो, आणि त्या वर्गाला वर्षाकाठी इतकेच कार्ड अशी मर्यादा नाही. तेव्हा कार्ड मिळते. मग आमचा फिटर विचारतो, "भाऊ, सहा महिन्यांतून एकदा तिकडं पाय लावून आलं की कार्ड राहतं ना? सगळे तसंच म्हणतात."

सगळे तसे म्हणतात हे खरे. परंतु तसे नाही, हे सांगण्यासाठीच आज आम्ही उभे आहोत. आमच्यापाशी कायद्याची पदवी नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि निकालपत्रांच्या जाड ग्रंथांत झाले. त्या सवयीने आम्ही परदेशांतले निकालही वाचले, आणि ध्यानात आले की हा प्रश्न आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. हजेरीपटावरून नाव उडवलेल्या कामगाराचा जो प्रश्न, तोच हा. म्हणून आरंभ तिथूनच करतो.

मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा कोकणातला चाकरमानी दोन ठिकाणी राहत असे. त्याची खोली परळ-लालबागला, आणि घर रत्नागिरीकडे नाहीतर मालवणात. शिमग्याला, गणपतीला, लावणीला तो गावी जाई. रजा संपून चार दिवस वर झाले की त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राही. परत आल्यावर आपली जागा आपल्याला मिळेल की नाही, ही धास्ती घेऊनच तो एस.टी.त बसे. या जागेवरच्या हक्काला सरकारी मराठीत धारणाधिकार म्हणतात, आम्ही लीन म्हणतो. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली जे नमुना आदेश होते त्यांत असे होते की, रजा संपल्यापासून ८ दिवसांत कामगार परत आला नाही आणि त्याने समाधानकारक खुलासा केला नाही, तर त्याचा लीन जातो. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. परंतु रजा संपूनही न येणाऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न कायदा बदलल्याने मिटत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे तो साठच्या दशकाच्या पहिल्या अर्धात आला. मद्रासची बकिंगहॅम अँड कर्नाटिक ही गिरणी आणि तिचा एक कामगार यांचा तो खटला. न्यायालयाने म्हटले की नोकरी सोडणे ही हेतूची गोष्ट आहे, आणि नुसत्या गैरहजेरीवरून हेतू सहसा धरता येत नाही. हे वाक्य कामगाराच्या बाजूचे. परंतु पुढे न्यायालयाने असेही म्हटले की, इतके दिवस न आल्यास नोकरी सोडली असे समजू, अशी अट स्थायी आदेशांतच असेल तर तीच लागू होईल. कामगार हरला. १९९३ मध्ये डी. के. यादव यांच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, नियमात तसे लिहिलेले असले तरी माणसाचे म्हणणे ऐकल्यावाचून, चौकशी केल्यावाचून त्याचे नाव पटावरून काढता येणार नाही. उपजीविका हिरावण्यापूर्वी नैसर्गिक न्याय पाळलाच पाहिजे. यादवांना कामावर परत घेण्याचा आणि मागील पगाराचा निम्मा भाग देण्याचा हुकूम झाला.

या दोन निकालांतून तीन प्रश्न निघतात. जाणाऱ्याचा हेतू काय होता? तो सिद्ध करण्याचा बोजा कोणावर? आणि निर्णय होण्यापूर्वी त्याचे म्हणणे कोणी ऐकले का? हे तीन प्रश्न हाताशी ठेवून आता अमेरिकेच्या कायद्याकडे वळू.

ग्रीन कार्ड हे त्या देशात कायम राहण्यासाठी दिलेले असते. कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असते, परंतु ती त्या कागदाची मुदत. मुदत संपल्याने रहिवासाचा हक्क संपत नाही, आणि मुदत शिल्लक असल्याने तो शाबूतही राहत नाही. बाहेर गेलेला कायम रहिवासी परत येतो तेव्हा तो 'तात्पुरत्या भेटीवरून' परत येतो आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. भेट तात्पुरती केव्हा? जाण्याचे कारण ठरावीक असावे, ते पुरे झाले की परतण्याची अपेक्षा असावी, आणि खरे बिऱ्हाड अमेरिकेत असावे. हेतू तोंडाने सांगून चालत नाही. घर कुठे, कुटुंब कुठे, काम कुठे, आयकर कुठे आणि कोणत्या नात्याने भरला, यांवरून तो ताडला जातो.

आता सहा महिन्यांची गोष्ट. ती अगदीच हवेतली नाही. १९९६ च्या कायद्याने असे ठरले की, सलग १८० दिवसांहून अधिक बाहेर राहिलेला रहिवासी परत आला तर तो नव्याने प्रवेश मागतो आहे असे धरून त्याची तपासणी करता येते. एक वर्ष किंवा अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसत्या कार्डावर परत येता येत नाही. त्याला वेगळा पुनःप्रवेश परवाना लागतो. शिवाय नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्याचा सलग रहिवास सहा महिन्यांच्या गैरहजेरीने तुटला असे सकृद्दर्शनी धरतात. या तीन निरनिराळ्या गोष्टींची खिचडी होऊन 'सहा महिन्यांनी पाय लावून या' हा लौकिक नियम तयार झाला आहे. कायद्यात तो कुठेही लिहिलेला नाही.

तो नियम कसा फसवतो हे १९७५ च्या एका प्रकरणात दिसते. जमैकाच्या केन नावाच्या बाई वर्षातले सुमारे ११ महिने जमैकात राहून तिथे प्रवाशांना खोल्या भाड्याने देण्याचा धंदा चालवीत, आणि महिनाभर अमेरिकेत येऊन जात. कार्ड होते, ये-जाही नियमित होती. तिथल्या अपील मंडळाने म्हटले की यांचे बिऱ्हाड जमैकात आहे, अमेरिकेत त्या पाहुण्या आहेत, आणि पाहुणचाराने कायम रहिवास टिकत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर, महिन्यातून एकदा गेटावर येऊन मस्टरवर सही करून जाणाऱ्याला कामगार म्हणत नाहीत.

हेतूची कसोटी ही अशी. ती कोणी, कशी लावायची? इथे १९५३ सालचे दोन निकाल आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे, आणि दोहोंमध्ये जेमतेम पाच आठवड्यांचे अंतर.

पहिला क्वॉंग हाय च्यू या चिनी खलाशाचा. आमच्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या ज्या घरांतले पुरुष बोटीवर जातात त्यांनी हा नीट ऐकावा. च्यू यांना १९४५ पासून कायम रहिवास होता. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवर राबले होते. लग्न अमेरिकन स्त्रीशी झाले होते, न्यूयॉर्कमध्ये घर घेतले होते. १९५० च्या नोव्हेंबरात ते अमेरिकन झेंड्याच्याच जहाजावर मुख्य स्ट्यूअर्ड म्हणून गेले. त्यापूर्वी तटरक्षक दलाने त्यांची छाननी करून मंजुरी दिली होती. १९५१ च्या मार्चमध्ये जहाज परत आले, तेव्हा त्यांना उतरू दिले नाही. गुप्त माहितीचा हवाला देऊन, सुनावणी न देता त्यांना एलिस बेटावर ठेवण्यात आले. ९ फेब्रुवारी १९५३ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, कामावर गेलेला हा खलाशी परका नवखा ठरत नाही. सफरीमुळे त्याचे रहिवासीपण गेले नाही. सबब आरोप काय हे सांगून त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याला घालवता येणार नाही.

दुसरा इग्नाट्झ मेझेई यांचा. हे १९२३ पासून अमेरिकेत होते, बफेलो शहरात २५ वर्षे राहिले. १९४८ मध्ये रुमानियात मरणपंथाला लागलेल्या आईला भेटायला निघाले. रुमानियाने आत घेतले नाही. हंगेरीत बाहेर पडण्याच्या परवान्यासाठी १९ महिने अडकून पडले. आईची भेट झालीच नाही. १९५० च्या फेब्रुवारीत, अमेरिकन वकिलातीचा व्हिसा घेऊन, ते न्यूयॉर्कला आले, तर तिथेही दार बंद. पुन्हा गुप्त माहिती, पुन्हा सुनावणी नाही. इंग्लंडने आणि फ्रान्सने परत पाठवले, दक्षिणेकडच्या डझनभर देशांनी नकार दिला. ते एलिस बेटावर अडकले. १६ मार्च १९५३ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले की, एवढा काळ पोलादी पडद्याआड राहिलेला हा मनुष्य रहिवासी राहिलेला नाही, उंबऱ्यावर उभा असलेला परका आहे, आणि परक्याला सुनावणीचा हक्क नाही. पुढे १९५४ मध्ये मेझेईंना तात्पुरते सोडण्यात आले, पण न्यायालयाच्या हुकमाने नव्हे.

एक कामासाठी गेला, एक आईसाठी गेला. पहिल्याला कायद्याने आपला म्हटले, दुसऱ्याला परका. खलाशी साडेचार महिन्यांत परत आला, मेझेईंना पावणेदोन वर्षे लागली. जहाजावर मालकाचा करार होता, आईच्या भेटीला कोणाचा करार असणार? आमच्या मते दुसरा निकाल अन्यायाचा होता, आणि त्या न्यायालयातल्या चार न्यायमूर्तींनाही तो तसाच वाटला. परंतु त्यातून शिकायचे ते हे की, कारण कितीही पवित्र असले तरी लांबलेली गैरहजेरी माणसाचा हक्क आतून पोखरत जाते, आणि तो पोखरला गेला हे कळते परत येताना, दारात.

सुदैवाने कायदा तिथेच थांबला नाही. १९६३ च्या फ्ल्यूटी खटल्यात न्यायालयाने म्हटले की, काही तासांसाठी मेक्सिकोत जाऊन आलेल्या रहिवाशाने देश सोडला असे धरू नये. १९८२ मध्ये प्लासेन्सिया बाईंच्या खटल्यात मान्य झाले की परत येणाऱ्या कायम रहिवाशाला न्याय्य सुनावणी मिळालीच पाहिजे. १९८८ मध्ये अपील मंडळाने स्पष्ट केले की रहिवास सोडला हे सिद्ध करण्याचा बोजा सरकारवर आहे, आणि पुरावा स्वच्छ, निःसंदिग्ध, खात्री पटवणारा पाहिजे. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला एकट्याला हा हक्क काढून घेता येत नाही. तो इमिग्रेशन न्यायाधीशापुढे पाठवू शकतो, एवढेच. अंतिम हुकूम होईपर्यंत माणूस कायम रहिवासीच असतो. म्हणजे आपल्याकडे यादवांच्या खटल्याने जे मिळाले, ते तिकडेही पदरात पडलेले आहे.

इथे आम्हाला एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्याच चळवळीची आहे. नायगाराच्या परिसरात कॅनडात राहून रोज अमेरिकेत कामाला जाणारे कामगार होते. १९२७ मध्ये त्यांच्यावर निर्बंध आले आणि १९२९ मध्ये न्यायालयाने ते उचलून धरले. मग सरकारने एक तोड काढली. या लोकांनी कायम रहिवास घ्यावा आणि पलीकडे राहून ये-जा करावी. मेक्सिकोच्या सरहद्दीवर हीच वहिवाट हजारोंना लागू झाली. कार्ड कायम रहिवासाचे, बिऱ्हाड मेक्सिकोत, मजुरी कॅलिफोर्नियात. सेझार चावेझ यांच्या नेतृत्वाखालच्या शेतमजूर संघटनेने याविरुद्ध दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, स्वस्ताईत राहणारा हा मजूर कमी मजुरीवर राबू शकतो, संपाच्या वेळी मळेवाले त्यालाच आणतात, आणि जो इथे राहतच नाही तो कायम रहिवासी कसा? १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी युनियनच्या विरुद्ध निकाल दिला. जुनी वहिवाट कायम राहिली.

संपाच्या दिवशी गेटावर बाहेरचा मजूर उतरताना आम्ही पाहिला आहे, त्यामुळे त्या संघटनेचा राग आम्हाला कळतो. तरीही विचार करता वाटते की रोज चार वाजता उठून सरहद्द ओलांडणाऱ्या मजुराचे कार्ड काढून घेणे हा उपाय नव्हे. त्याला युनियनमध्ये आणणे हा उपाय. मुंबईच्या कामगाराने बदलीवाल्याला शत्रू मानले तेव्हा मालकाचे फावले, त्याला सभासद करून घेतले तेव्हा ताकद वाढली. त्या वहिवाटीतली एक अट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. असा मजूर सलग सहा महिने नियमित कामाविना राहिला तर त्याने रहिवास सोडला असे मानतात. म्हणजे त्याच्यापुरती कामावरची हजेरी हाच त्याचा रहिवास. आमच्या निवृत्त फिटरला या तोडीचा उपयोग नाही. त्याला काम नाही, आणि न्यू जर्सी काही ठाण्यापलीकडे नाही.

हेतू शोधण्याऐवजी सरळ दिवस मोजले तर? कॅनडाने तेच केले. १९७६ च्या त्यांच्या कायद्यात बारा महिन्यांत १८३ दिवसांहून अधिक बाहेर राहिलेल्याने रहिवास सोडण्याचा हेतू दाखवला असे धरत, आणि मग तो हेतू नव्हता हे त्याने पटवून द्यायचे. २००२ पासून नवा हिशेब आला. कोणत्याही पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात. हे दिवस सलग नकोत. कॅनडियन नागरिक असलेल्या पतीसोबत किंवा पत्नीसोबत बाहेर काढलेले दिवस धरतात, कॅनडियन उद्योगाने पूर्णवेळ कामावर बाहेर पाठवले तर तेही दिवस धरतात. दिवस कमी भरले तरी हक्क आपोआप जात नाही. निर्णय व्हावा लागतो, माणुसकीची कारणे पाहावी लागतात, त्यावर अपील आहे. हजेरीपटासारखा हा नियम रुक्ष आहे, पण कामगाराला तो बोटांवर मोजता येतो. अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षा बोटांवरचा हिशेब बरा, असे आमचे मत आहे.

मात्र दिवसांचा हिशेब सुनावणीवाचून चालवला तर काय होते, ते ब्रिटनने दाखवले. तिथे स्थायिक झालेला मनुष्य सलग दोन वर्षांहून अधिक बाहेर राहिला की त्याचा अनिश्चित काळ राहण्याचा परवाना रद्द होतो. १ जानेवारी १९७३ रोजी १९७१ चा कायदा अमलात आला, तेव्हा राष्ट्रकुलातून आलेल्या आणि आधीच स्थायिक झालेल्यांना राहण्याचा हक्क मिळाला, पण हातात कागद कोणी दिला नाही. १९४८ च्या 'एम्पायर विंड्रश' या जहाजाच्या नावाने ही पिढी ओळखली जाते. बसगाड्या, रेल्वे, इस्पितळे यांत तिने आयुष्य घातले. पुढे कायदे कडक झाले तसा पुराव्याचा बोजा या म्हाताऱ्यांवर आला. इतक्या वर्षांपूर्वी कोणत्या साली कुठे होतात, कागद दाखवा! त्यांच्या आगमनाची उतरणकार्डे खुद्द गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली होती. कोणी कामावरून गेले, कोणाचे उपचार अडले, आणि कॅरिबियनमध्ये नातलगांना भेटायला गेलेल्या काहींना परत येता आले नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये बोभाटा झाला, गृहमंत्री अंबर रड यांना राजीनामा द्यावा लागला, आणि २०१९ मध्ये नुकसानभरपाईची योजना आली. या अन्यायाची दाद मागण्याचा मार्ग राष्ट्रकुलातल्या इतर देशांच्या, म्हणजे भारताच्याही, त्या काळच्या स्थलांतरितांना खुला आहे.

तेव्हा आमचे मत थोडक्यात असे. नियम मोजता येईल असा असावा, बोजा हक्क काढून घेणाऱ्यावर असावा, आणि निर्णयापूर्वी सुनावणी असावी. या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच परदेशी गेलेल्या कष्टकऱ्याला निश्चिंत झोप लागेल.

आता आमच्या फिटरसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

एक वर्षाहून अधिक काळ भारतात राहावे लागेल असे दिसत असेल, तर निघण्यापूर्वी पुनःप्रवेश परवान्याचा अर्ज करावा. अर्ज अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो, आणि बोटांचे ठसेही तिथेच द्यावेत. परवाना हाती येईपर्यंत मात्र थांबावे लागत नाही. तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो आणि त्याची मुदत वाढत नाही. रहिवासी झाल्यापासून मागील पाच वर्षांत चारांहून अधिक वर्षे बाहेर काढली असतील तर सहसा एकाच वर्षाचा मिळतो. हा परवाना म्हणजे मंजूर रजेचा अर्ज समजा. इतके दिवस का गेलात, एवढ्यावरून तो वाचवतो. परतायचेच नव्हते असे इतर पुराव्यांवरून दिसले तर तो वाचवत नाही.

आयकराचे विवरण तिथला रहिवासी म्हणूनच भरावे. थोडा कर वाचवण्यासाठी अनिवासी म्हणून भरणारा स्वतःच्या हाताने राजीनामा लिहितो. मात्र रहिवासी म्हणजे जगभरचे उत्पन्न दाखवणे आले. इथली पेन्शन, मुदत ठेवींचे व्याज सारे. परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १० हजार डॉलरांवर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवावे लागते. मुलाच्या घराचा पत्ता, तिथले बँक खाते, तिथल्या डॉक्टरचे कागद, जाण्यायेण्याची तिकिटे, इथे येण्याचे कारण दाखवणारा कागद, मग ती शस्त्रक्रिया असो, जमिनीचा दावा असो, भावाचे आजारपण असो, सारे एका फायलीत ठेवावे. आमचा अनुभव आहे की फाइल ठेवणारा कामगार भांडणारा नसला तरी जिंकतो.

तिसरी गोष्ट सहीची. परतताना अधिकारी कदाचित एक फॉर्म पुढे करील, आय-४०७ त्याचे नाव. स्वखुशीने कायम रहिवास सोडल्याचा तो कागद आहे. न समजता त्यावर सही करू नका. सही नाकारण्याचा आणि न्यायाधीशापुढे म्हणणे मांडण्याचा तुम्हाला हक्क आहे. एका इंजिनिअरिंग कारखान्यातली गोष्ट सांगतो. पाटण तालुक्यातला एक हेल्पर आईच्या आजारपणात गावी अडकला, पोस्टाने पत्र पाठवले, ते पोहोचले नाही असे सांगण्यात आले. परत आल्यावर हिशेब घे आणि सही कर म्हणून त्याला टाइम ऑफिसात तीन तास बसवून ठेवले. त्याने सही केली नाही. 'युनियनला विचारून सांगतो' एवढे एकच वाक्य तो बोलत राहिला. चार वर्षे खटला चालला, अर्धा पगार बुडाला, पण तो कामावर परत गेला. सही केली असती तर आम्हाला काही करता आले नसते. सातासमुद्रांपलीकडे बारा-पंधरा तासांचा प्रवास करून उतरलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मावशीने एवढेच म्हणायला शिकावे, "मला दुभाषा द्या, मुलाला फोन करू द्या, मी सही करणार नाही."

चौथी गोष्ट. परवाना न घेता वर्ष उलटून गेले असेल तरी सारे संपले असे नाही. आपल्या हाताबाहेरच्या कारणाने अडकलेल्यासाठी परत येणाऱ्या रहिवाशाचा वेगळा व्हिसा आहे, तो वकिलातीत मागावा लागतो. २०२० च्या २३ मार्चपासून भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमाने बंद केली, ती २०२२ च्या मार्चअखेरच पूर्ववत झाली. मधल्या काळात निवडक देशांशी ठरवून उड्डाणे होती, तरी आजारपणामुळे आणि भीतीमुळे कित्येक वृद्धांना प्रवास जमला नाही. अशा वेळी अडचणीचा पुरावा ज्याच्यापाशी असतो त्याचेच ऐकले जाते. नियम आणि फॉर्म बदलत असतात. त्यामुळे अर्ज करताना सरकारी पत्रक ताजे पाहावे आणि परवानाधारक वकिलालाच विचारावे, एजंटाला नव्हे.

शेवटी एक गोष्ट वडिलकीच्या नात्याने. हे कार्ड टिकवायचे कशासाठी, याचा विचार घराघरांत मोकळेपणी होत नाही. मुलाला वाटते आईबापांनी तिकडेच राहावे. आईला नातवंड हवे असते, पण वटपौर्णिमेच्या वडापाशी जमणाऱ्या आपल्या बायकाही हव्या असतात. बाप दिवसभर चार भिंतींत बसतो, बोलायला माणूस नाही, बस नाही, वर्तमानपत्र नाही. मग दोघे दर सहा महिन्यांनी विमानात बसतात, गुडघे धरून. कोणाचाच जीव थाऱ्यावर नाही, आणि कार्ड मात्र पाकिटात सुरक्षित! ज्यांना खरोखर तिकडे राहायचे आहे त्यांनी हक्कासाठी नेटाने झगडावे. ज्यांना राहायचे नाही त्यांनी आपणहून कार्ड परत करावे आणि पाहुण्याचा व्हिसा मागावा. तो मिळेलच असे नाही, पण स्वच्छेने सोडल्याने तो मागण्याचा मार्ग बंद होत नाही. आपल्या राजीनाम्याचा दिवस आपण ठरवणे आणि दारात कोणी आपले नाव पटावरून उडवणे, यांत फार फरक आहे.

मेझेई पंचवीस वर्षे एका शहरात राहिले आणि आईच्या वाटेवर त्यांनी ते शहर गमावले. हे आपल्या कोणाच्या वाट्याला येऊ नये. त्यासाठी नियम माहीत हवा, कागद हवा आणि सही करण्यापूर्वी विचारायला आपले माणूस हवे. यांतले शेवटचे पुरवण्याचे काम आम्ही जन्मभर करीत आलो. युनियनची कचेरी संध्याकाळी सात ते नऊ उघडी असते. कार्ड घेऊन या. उद्या तिकीट काढण्यापूर्वी आलात तर अधिक बरे.